मागचा धोंडा : ट्रॅक्टरच्या तोलाची शंभर वर्षे

आजचा धागा थोडा लांब आहे, पण विषय रोज डोळ्यांसमोरून जाणारा आहे.

ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला लोडर बसवलेला असतो. चालक एक दांडी ओढतो आणि पाच-सहा क्विंटल माती अलगद वर जाते. ती माती कोण उचलते? बहुतेकांचे उत्तर येईल : हायड्रॉलिक पंप. हे उत्तर अपुरे आहे. पंप बकेट वर नेतो, हे खरे. परंतु बकेट वर जाण्याऐवजी ट्रॅक्टरचेच बूड वर येऊ नये, याची तजवीज पंप करीत नाही. ती करते ट्रॅक्टरच्या पाठीमागे टांगलेले एक मुके, निर्जीव ओझे. कधी लोखंडाचे, कधी काँक्रीटचे, कधी नुसत्या दगडमातीने भरलेल्या पेटीचे.

हे ओझे तेथे कसे आले, त्याचा इतिहास म्हणजे आजचा धागा. यात हेन्री फोर्ड आहे, एक हट्टी आयरिश यंत्रज्ञ आहे, इंग्लंडमधल्या एका लहानशा गॅरेजात वेल्डिंग करणारा माणूस आहे आणि स्वीडनमधला एक उलटा ट्रॅक्टर आहे. आणि ज्यांची नावे कोठेही ठळकपणे लिहिली गेली नाहीत असे अनेक मृत चालकही आहेत.

प्रथम थोडे घरचे उदाहरण. बैलगाडीत माल भरताना तो मागच्या बाजूस जास्त झाला, की गाडी 'उलाळ' होते. धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याशी बांधलेल्या जोत्यांनी बैलांना फास बसतो. उलट माल पुढे जास्त झाला, तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. दोन चाकांच्या मधला आस ही तराजूची सुई, हे गाडीवानाला कोणी शाळेत शिकवलेले नव्हते. 'उलाळ' हा एक शब्द त्याला पुरत असे. हा शब्द लक्षात ठेवा; पुढे अमेरिकेत तो लागणार आहे.

कोकणातल्या दर्यावर्दी बोलीत याच शहाणपणासाठी दुसरा शब्द होता : नीरम. गलबत रिकामे निघाले तर तळाशी दगड किंवा वाळू भरायची, म्हणजे ते वाऱ्याने कलंडत नाही. इंग्रजीत त्यालाच बॅलास्ट म्हणतात आणि ट्रॅक्टरच्या मागच्या वजनालाही तोच शब्द लागला.

वजनाच्या साहाय्याने वजन उचलण्याची कल्पना तर फारच जुनी. ईजिप्तमध्ये देर-एल-मदिना येथे इपुय नावाच्या कारागिराची थडगी-खोली आहे, इ. स. पूर्व तेराव्या शतकातली. तिच्या भिंतीवर एक माणूस बागेला पाणी काढताना रंगवला आहे. आडव्या दांडीच्या एका टोकाला पाण्याचे भांडे, दुसऱ्या टोकाला मातीचा गोळा. भरलेले भांडे वर येते ते त्या गोळ्याच्या जोरावर. माणसाला फक्त रिकामे भांडे खाली ओढायचे असते. आर्किमिडीजने पुढे तरफेचा नियम भूमितीच्या भाषेत सिद्ध केला : वजन आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा झाला की तोल साधतो.

नियम दोन हजार वर्षे ठाऊक होता. तरीही ट्रॅक्टर बनवणाऱ्यांना तो माणसे गमावून पुन्हा शिकावा लागला.

वर्ष १९१७. पहिले महायुद्ध ऐन भरात आहे. जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे धान्य आणणारी जहाजे बुडवीत आहेत. शेतावरचे तरुण आणि घोडे दोन्ही आघाडीवर गेलेले. ब्रिटिश सरकारने हेन्री फोर्डकडे ६,००० ट्रॅक्टरांची मागणी नोंदवली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फोर्डसन ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागला.

फोर्डसन हे त्या काळाच्या मानाने एक आश्चर्य होते. त्याआधीचे बरेच ट्रॅक्टर म्हणजे रेल्वे इंजिनाचे भाऊबंद : अवजड, महाग, ओल्या शेतात रुतणारे. फोर्डने वेगळी चौकटच काढून टाकली. इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस यांची ओतीव लोखंडी आवरणे एकमेकांना बोल्टांनी जोडली आणि तोच ट्रॅक्टरचा कणा झाला. वजन सुमारे १,२०० किलो, ताकद सुमारे २० अश्वशक्ती. १९२२ साली त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आली. सामान्य शेतकऱ्याला परवडणारा हा पहिला ट्रॅक्टर. अमेरिकेत १९२८ पर्यंत त्याचे ७ लाखांहून अधिक नग तयार झाले.

पण तो उलळत असे.

कारण समजून घेऊ. नांगर त्या काळी साखळीने किंवा दांड्याने ट्रॅक्टरमागे ओढला जाई, जशी घोड्यांमागे ओढला जात असे. फाळ जमिनीतल्या दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाके थबकत. इंजिनाला मात्र थांबणे ठाऊक नव्हते. चाक फिरेना, म्हणून इंजिन चाकाभोवती उरलेला ट्रॅक्टरच फिरवू लागे. पुढची चाके हवेत जात, आणि चालकाला क्लच दाबण्याचे भान येईपर्यंत यंत्र पाठीवर पडलेले असे. चालक त्याखाली.

हलकेपणा हा फोर्डसनचा गुण होता आणि तोच त्याचा घातही होता. पुढचा भाग जड असता तर तो इतक्या सहज उचलला गेला नसता. फोर्डच्याच वृत्तपत्राचे माजी संपादक एडविन पिप यांनी आपल्या साप्ताहिकातून या अपघातांवर टीकेची झोड उठवली. मृत चालकांचा त्यांनी दिलेला आकडा शंभराच्या पुढे गेला होता. दोष यंत्राचा की चालकाच्या निष्काळजीपणाचा, असा वाद बराच काळ चालला. माझ्या मते तो वाद मुळातच फसवा होता. जे यंत्र क्षणभराच्या दुर्लक्षाला मृत्युदंड देते, त्याच्या बाबतीत 'चालकाची चूक' हे उत्तर पुरेसे नाही. पुढे फोर्डसनला मागे लांबवलेली मडगार्डे बसवली गेली. ट्रॅक्टर उलळू लागला तर ती जमिनीला टेकून त्याला अडवतील, अशी योजना. बैलगाडीला मागून टेकू द्यावा, तसलाच हा उपाय.

याच १९१७ साली आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाचा बत्तीस वर्षांचा यंत्रज्ञ सरकारी कामावर नेमला गेला. काउंटी डाउनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. शेतीचा कंटाळा येऊन बेलफास्टला गॅरेजात शिरलेला. १९०९ च्या शेवटच्या दिवशी स्वतः बांधलेल्या विमानातून त्याने उड्डाण केले होते. आयर्लंडच्या भूमीवरचे ते पहिले उड्डाण मानले जाते. युद्धकाळात धान्योत्पादन वाढावे म्हणून देशभरातले ट्रॅक्टर नीट चालतात की नाही, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे आले. सहकारी विली सँड्ससह तो गावोगाव फिरला. त्याच्या लक्षात आले की, ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन वेगळी यंत्रे आहेत असे सर्वांनी गृहीत धरले आहे. खरी चूक तिथेच होती.

फर्ग्युसनने ती दोन्ही एक करायचे ठरवले. अनेक वर्षांच्या खटपटीतून जे निघाले, त्याला आज जगभर थ्री-पॉइंट लिंकेज म्हणतात : खाली दोन दांडे, वर एक. आपल्याकडचे ट्रॅक्टरवाले वरच्या दांड्याला 'टॉपलिंक' म्हणतात. नांगर अडकला की तो खालून मागे खेचला जातो आणि त्याचा वरचा भाग पुढे ढकलला जातो. टॉपलिंक ही ढकल ट्रॅक्टरच्या अंगावर आणते आणि पुढची चाके उचलली जाण्याऐवजी जमिनीवर दाबली जातात. ज्या बलाने फोर्डसन उलळत होता, तेच बल आता त्याला जमिनीला धरून ठेवू लागले. फर्ग्युसनचे नाव हायड्रॉलिक नियंत्रणासाठी अधिक घेतले जाते. पण माणसे वाचवली ती या साध्या वरच्या दांड्याने, असे मला वाटते.

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसनने आपला ट्रॅक्टर डिअरबॉर्नला हेन्री फोर्डच्या शेतावर चालवून दाखवला. घरातून टेबल बाहेर आणवले गेले आणि किल्लीवर चालणाऱ्या छोट्या खेळण्याच्या साहाय्याने फर्ग्युसनने आपले तत्त्व समजावले, असे त्या भेटीचे वर्णन आहे. करार झाला तो नुसत्या हस्तांदोलनावर. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला. हेन्री फोर्डच्या नातवाने १९४७ मध्ये तो करार मोडला आणि खटला १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरांवर मिटला, ही कथा रंजक आहे. पण ती दुसऱ्या धाग्यासाठी ठेवू. आपल्याला महत्त्वाचे हे की, १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला फर्ग्युसनचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर बनू लागला. दहा वर्षांत त्याचे ५ लाखांहून अधिक नग निघाले.

मागे उलळण्याचा प्रश्न सुटला. आणि त्याच सुमारास शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरच्या पुढे वजन टांगायला सुरुवात केली.

याला निमित्त शेणखताचे. युरोप-अमेरिकेत गुरे हिवाळाभर गोठ्यात बांधलेली असत. वसंतात गुडघाभर साचलेले, तुडवून घट्ट झालेले खत काट्याने उपसून गाडीत भरायचे, हे शेतावरचे सर्वांत कंबरतोड काम. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर महाग झाले आणि त्यातले बरेच शहरांत राहिले. ट्रॅक्टरवर हायड्रॉलिक पंप आलेलाच होता. पुढे दोन लांब हात, त्यांच्या टोकाला काटा किंवा बकेट, आणि चालकाजवळ एक दांडी : लोडर तयार झाला. ज्या कामाला चार माणसे दिवसभर लागत, ते एक माणूस बसल्या जागी करू लागला.

मात्र ट्रॅक्टर या कामासाठी जन्मलेला नव्हता. नांगर ओढण्यासाठी मोठी चाके मागे, वजन मागे, ब्रेक मागे. पुढची चाके लहान, त्यांचे काम फक्त दिशा देण्याचे. आणि आता सारे ओझे नेमके त्या नाजूक टोकाच्याही पुढे लोंबू लागले. उलाळ गाडी धुरेवर आली.

येथे थोडे गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण प्रमाण खऱ्या छोट्या ट्रॅक्टरासारखेच आहे.

लोडर बसवलेला ट्रॅक्टर २,००० किलोचा. पुढच्या आसावर ८०० किलो, मागच्यावर १,२००. दोन आसांत अंतर २ मीटर. बकेटमध्ये ६०० किलो माती, पुढच्या आसापासून १.५ मीटर पुढे. टेकू म्हणजे पुढचा आस. ६०० गुणिले १.५, म्हणजे ९००. भागिले २, म्हणजे ४५०. इतके किलो वजन मागच्या चाकांवरून उचलले गेले. मागे उरले ७५०. आणि पुढे? मूळचे ८००, बकेटचे ६००, शिवाय मागून आलेले ४५० : एकूण १,८५०.

उचलली ६०० किलो माती. पुढच्या आसावर वाढले १,०५० किलो. नवख्या चालकाला हा हिशेब दिसत नाही, कारण बकेट तर सुरळीत वर गेलेली असते.

यावर वजन घालायचे, हे शेतकऱ्याला लगेच सुचले. पण कोठे घालायचे, हा खरा प्रश्न होता. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर देऊ केले. त्याआधीची चाके लोखंडी, काटेरी. रबरी चाके घसरू नयेत म्हणून त्यांना ओतीव लोखंडाच्या चकत्या बसवण्याची किंवा टायरमध्येच पाणी भरण्याची पद्धत पडली. थंड मुलुखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळत; त्याने पाणी जडही होई. ही युक्ती नांगरटीसाठी होती. लोडर आल्यावर अनेकांना वाटले, हेच वजन पुरेल.

पुन्हा गणित. मागच्या चाकांत ४०० किलो पाणी भरले. मागचा भार ७५० वरून १,१५० झाला. चांगले झाले. पण पुढचा आस? तेथे अजूनही १,८५० च. मागच्या आसावर ठेवलेले वजन पुढच्या आसाचा एक किलोही कमी करू शकत नाही.

आता तेच ४०० किलो मागच्या आसापासून १ मीटर मागे टांगू. टेकूपासून अंतर झाले ३ मीटर. ४०० गुणिले ३, भागिले २ : मागे ६०० किलो वाढले. म्हणजे मागचा भार १,३५० आणि पुढचा १,६५०. वजन ४०० किलोचेच, पण मागे परिणाम ६०० चा, आणि त्याशिवाय पुढच्या आसावरून २०० किलो उतरले. कारण आता मागचा आस हाच दुसरा टेकू झाला आणि मागचे ओझे पुढचे टोक वर उचलू लागले. इपुयच्या थडग्यातला तो मातीचा गोळा येथे पुन्हा भेटतो.

इतके लांब मागे वजन टांगायचे तर ते टांगायला जागा हवी. ती जागा फर्ग्युसनने आधीच करून ठेवली होती. ज्या थ्री-पॉइंट लिंकेजचा जन्म ट्रॅक्टरला मागे उलळण्यापासून वाचवण्यासाठी झाला, तेच आता त्याला पुढे कलंडण्यापासून वाचवणारा धोंडा धरून बसले. हे फर्ग्युसनने योजले होते असे मी म्हणणार नाही. पण तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा सोयरिकी पुष्कळ जुळतात.

धोंडा बहुतेक वेळा घरीच बने. लाकडी साच्यात काँक्रीट ओतायचे, आत लिंकेजसाठी लोखंडी खिटी बसवायची. काहींनी तेलाचे रिकामे बॅरल वापरले. २०० लिटरच्या बॅरलात काँक्रीट भरले तर सुमारे ४८० किलो भरते. छोट्या ट्रॅक्टरला तेवढे रगड. कोणी लोखंडी पेटी टांगून तीत दगड भरी, म्हणजे लोडर उतरवला की पेटी रिकामी करून दुसऱ्या कामाला घेता येई. कारखान्यांनी पुढे ओतीव लोखंडाचे आखीव ठोकळे विकायला काढले. बॅरलपेक्षा ते सुबक होते, एवढाच फरक.

ज्यांनी धोंडा लावला नाही, त्यांचे काय होई? मागचे चाक उचलले जाणे ही सर्वांत ठळक गोष्ट. पण ती सर्वांत धोकादायक नव्हे. पुढे कलंडलेला ट्रॅक्टर बहुधा बकेटवर टेकतो आणि थांबतो. चालकाला मोठा दचका बसतो, इतकेच. प्राण जातात ते दोन दुसऱ्या कारणांनी.

पहिले कारण ब्रेक. त्या काळच्या ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्या चाकांनाच असत. चाकावर भार नसेल तर ब्रेक लागतो, चाक थांबते आणि ट्रॅक्टर तसाच घसरत राहतो. भरलेली बकेट घेऊन उतारावर सरळ खाली निघालेल्या माणसाचे मागचे वजन उतारामुळेही पुढे सरकलेले असते. त्याच्या पायाखाली ब्रेक असतो, पण उपयोगाचा नसतो. म्हणूनच भरल्या बकेटने उतरायचे तर मागे-मागे उतरावे, जड टोक चढाकडे ठेवावे, हा दंडक पडला.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ट्रॅक्टरला चार चाके असली तरी तोलाच्या दृष्टीने तो तीन पायांचा प्राणी आहे. खाचखळग्यांतून चारही चाके जमिनीला लागावीत म्हणून पुढचा आस मधल्या एका खिळीवर डोलता ठेवलेला असतो. त्यामुळे ट्रॅक्टरचा खरा पाया म्हणजे दोन मागची चाके आणि ती खिळी, असा त्रिकोण. मागे रुंद, पुढे निमुळता. यंत्राचा गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत असेपर्यंत ठीक. बकेट भरली की तो मध्य पुढे सरकतो, त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे. बकेट वर गेली की तो उंचही होतो. मग एका बाजूचे चाक लहानशा खड्ड्यात गेले किंवा वळण जरा झपाट्याने घेतले, तरी ट्रॅक्टर कुशीवर पडतो. मागचा धोंडा गुरुत्वमध्याला परत रुंद बाजूकडे ओढतो. त्याचे सर्वांत मोठे काम हेच आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून जुने जाणते चालक माल उचलताना बकेट उंच नेत, पण चालू लागताना जमिनीपासून हातभर अंतरावर आणून ठेवत.

धोंडा मात्र पडणे सर्वस्वी थांबवू शकत नव्हता. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना चालकाभोवती भक्कम संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडू नये, हा त्यातला विचार. फोर्डसनच्या मडगार्डांपासून येथवर यायला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

आता इंग्लंडमधल्या त्या गॅरेजाकडे वळू. ऑक्टोबर १९४५. स्टॅफर्डशर परगण्यात अटॉक्सेटर गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड याने एक लहानसे गॅरेज भाड्याने घेतले. हाताशी जुने वेल्डिंगचे यंत्र आणि युद्धानंतर भंगारात निघालेले लोखंड. पहिला माल म्हणजे शेतकऱ्यासाठी टिपर ट्रॉली. तिचे ४५ पौंड आले. १९४९ च्या सुमारास त्याने फोर्डसन मेजर ट्रॅक्टरासाठी हायड्रॉलिक लोडर बनवला, 'मेजर लोडर'. १९५३ मध्ये त्याच्या कारखान्यातून निघालेल्या यंत्रात ट्रॅक्टरच्या पुढे लोडर होता आणि मागे खणणारा हायड्रॉलिक हात.

बॅमफर्डच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे जे. सी. बी.

पुढे बकेट, मागे हात. या रचनेची स्तुती करताना 'एका यंत्रात दोन कामे' असे म्हटले जाते. ते खरेच आहे. पण धाग्याच्या विषयाच्या दृष्टीने पाहा : मागे टांगलेला तो खणणारा हात हाच लोडरचा धोंडा आहे. काँक्रीटचे बॅरल जे काम नुसते लोंबकळून करीत होते, तेच काम आता एक उपयोगी अवजार करू लागले. वजन तर वाहायचेच आहे, मग ते कामाचे का असू नये? अमेरिकेत केस कंपनीने १९५७ मध्ये असे दुहेरी यंत्र एकाच कारखान्यात पूर्ण बांधून विकायला काढले आणि ही जात जगभर पसरली.

स्वीडनमध्ये उत्तर निराळे निघाले, आणि मला ते सर्वांत देखणे वाटते. एस्किल्स्टुना येथील बोलिंडर-मुंक्टेल कंपनी १९५० मध्ये व्हॉल्वोने घेतली होती. १९५४ मध्ये तिने एच-१० नावाचा लोडर काढला. अभियंत्यांनी ट्रॅक्टरच उलटा फिरवला. मोठी, दणकट चाके पुढे आली, थेट बकेटच्या खाली. लहान चाके मागे गेली. आणि इंजिन? ते चालकाच्या पाठीमागे गेले, त्या धोंड्याच्या जागी. आजही खाणीत किंवा खडीच्या क्रशरवर दिसणाऱ्या मोठ्या लोडरांचे इंजिन मागेच असते, त्यामागचे हे एक मोठे कारण. गोदामातल्या फोर्कलिफ्टचे बूड इतके जाड का असते, याचेही उत्तर हेच; तेथे तर सरळ लोखंडाचा ओतीव गठ्ठाच भरलेला असतो.

आपल्याकडे ट्रॅक्टर रुळला तो प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळात. मुंबईला कांदिवलीत महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६० च्या दशकात ट्रॅक्टर बांधायला घेतले. मद्रासला टाफेने मॅसी-फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनवले आणि त्या नावातून आयरिश हॅरी आपल्या बांधापर्यंत पोहोचला. बॅमफर्डचे यंत्र १९७९ पासून हरियाणात बल्लभगडला बनू लागले, पुढे पुण्याजवळ तळेगावलाही कारखाना आला. मराठीत 'जेसीबी' हे आता कंपनीचे नाव राहिलेले नाही. कोणत्याही रंगाचे, कोणत्याही कंपनीचे असे यंत्र जेसीबीच.

आपल्या ट्रॅक्टरांनी मात्र पुढच्या लोडरापेक्षा मागची ट्रॉलीच जास्त ओढली. ऊसवाहतुकीच्या हंगामात चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हवेत गेलेली पाहिली असतील, तर १९१७ च्या फोर्डसनचे तेच जुने दुखणे पाहिले असे समजा. बंपरपुढे लोखंडी वजने अडकवतात ती त्यासाठी. लोडरवाल्याला धोंडा मागे लागतो, उसाच्या ट्रॉलीवाल्याला पुढे. टेकूच्या कोणत्या बाजूला ओझे आहे, एवढाच प्रश्न. अलीकडे छोट्या ट्रॅक्टरांना पुढे लोडर बसवून घेण्याची पद्धत आपल्याकडेही वाढते आहे. लोडरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत मागे किती वजन टांगायचे हे छापलेले असते; लोडर विकत घेताना ते पान जरूर वाचायला सांगा.

आणि पुढच्या वेळी गावात जेसीबी भरलेली बकेट घेऊन चालताना दिसली, तर लोकांच्या नजरा बकेटकडे असतील, तुम्ही मागे पाहा. तो लांब हात कोपरात दुमडून, बरोबर मध्यावर आणून घट्ट आवळलेला असेल. जागेवर उभे राहून खणायला लागला की उलट होते. तेव्हा चालक पुढची बकेट जमिनीवर दाबून धरतो, दोन्ही अंगांचे पाय खाली टेकवतो, आणि मगच मागचा हात उलगडतो.